वेगवान मेमरी घ्यावी का?

आमच्या चिरंजीवांनी शेजाऱ्यांचे गवत कापून पैसे जमवले आणि आता ते स्वतःचा कॉम्प्युटर जोडत आहेत. प्रोसेसर ठरला : एएमडीचा २०२३ सालचा रायझेन ७ ७८००एक्स३डी. हट्ट आहे तो ६००० ऐवजी ७२०० च्या डीडीआर५ मेमरीचा. आमचे मत : घेऊ नये.

खोक्यावर सीएल नावाचा आकडाही असतो. मुलांनो, गणित करा. सीएलला २००० ने गुणा, वेगाने भागा. ६००० ला सीएल ३०, ७२०० ला सीएल ३६. दोन्हींचे उत्तर १० नॅनोसेकंदच! शिवाय ६४०० च्या पुढे या प्रोसेसरचा मेमरी कंट्रोलर बहुधा मेमरीच्या निम्म्या वेगावर उतरतो. आणि त्याच्या पोटात ९६ एमबी कॅश आहे. डबा ओट्यावर असताना कोठीच्या खोलीत कोण धावेल? (वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर मात्र वेगवान मेमरीचा खरा उपयोग होतो.) त्यापेक्षा १६ ऐवजी ३२ जीबी घ्यावी.

आम्हीही एकदा महागडी मेमरी आणली होती. बायोसमध्ये एक्स्पो चालू करायला विसरलो. वर्षभर ती ४८०० नेच चालली, घरात कोणाला पत्ताही नाही! चिरंजीवांना हे सांगितले, तर ते म्हणाले, "बाबा, मी विसरणार नाही." पैसे त्यांचे आहेत.