प्रतिवादी म्हणून नुसता नकारच द्यायचा काय?

नागपूरच्या दिवाणी न्यायालयात आपल्या वस्तीतला माणूस बहुधा प्रतिवादी म्हणूनच पोहोचतो. दावा दुसऱ्याने लावलेला असतो, समन्स घरी येते आणि मनाई हुकमाची भीती मानगुटीवर बसते. मग 'दाव्यातील मजकूर खोटा आहे, दावा खर्चासह खारीज करावा' एवढा लेखी जबाब दाखल होतो. आम्ही विचारतो, एवढ्यावरच समाधान का मानायचे?

हक्क बजावणाऱ्यालाच प्रतिवादी करण्याची रीत जुनी आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. १२ डिसेंबरला महाडच्या सनातन्यांनी बाबासाहेब व त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला आणि दोनच दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. दुसरा सत्याग्रह तहकूब करावा लागला. बाबासाहेब लढले. अनादि काळची रूढी सनातन्यांना सिद्ध करता आली नाही. पण मुंबई उच्च न्यायालयाचा तो निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडले! त्या काळी संहितेत प्रतिदाव्याची स्पष्ट तरतूद नव्हती. पैशाच्या दाव्यात आपले येणे वळते करून मागता येई, एवढेच.

आज तशी स्थिती नाही. १९७६ च्या दुरुस्तीने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८ मध्ये नियम ६-अ आला. आता प्रतिवादीला त्याच दाव्यात वादीविरुद्ध स्वतःची मागणी मांडता येते. समजा, आपल्या प्लॉटचा कोपरा बळकावणाऱ्यानेच उलट आपल्यावर मनाईचा दावा लावला. आपण नुसता नकार देऊन जिंकलो, तर त्याचा दावा खारीज होईल; पण कोपरा त्याच्याच ताब्यात राहील. तो सोडवायला पुन्हा नवा दावा, पुन्हा नव्या तारखा. मालकी हक्काने ताबा मागण्याची मुदत १२ वर्षांची. ती उलटली, तर खरेदीखत पेटीत राहील आणि जमीन जाईल. प्रतिदावा केला, तर दोन्हींचा निकाल एकत्र लागतो. वादीने घाबरून दावा काढून घेतला, तरी आपला प्रतिदावा चालू राहतो.

मात्र आळस चालणार नाही. प्रतिदावा लेखी जबाबासोबतच द्यावा, हे उत्तम. उशीर झाल्यास परवानगी देणे न्यायालयाच्या मर्जीवर असते. आणि वादाचे मुद्दे निश्चित झाल्यावर तो घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले आहे. प्रतिदावा हा दाव्यासारखाच मानला जातो, म्हणून त्यावर कोर्ट फीही लागते. इथेच आपला गरीब माणूस मागे सरतो. पण विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, कोर्ट फीचा खर्चही मिळतो. १९९० च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातीतून आलेल्या बौद्धांनाही हा हक्क आहे. जातीचा दाखला घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करावा.

आमचे कार्यकर्त्यांना सांगणे आहे, वस्तीत कुणाला समन्स आले की पहिल्याच दिवशी वकिलाला विचारा : जबाब तर द्यालच, पण आमची मागणी काय लिहिणार? बाबासाहेबांनी आपल्याला हक्क मागायला शिकवले. कोर्टाच्या कागदावरही ती मागणी उमटली पाहिजे.