तेलाचा उगम

कणकुंबीला लोक येतात ते मलप्रभेचा उगम पाहायला. इथं निघालेली ही नदी ३०४ किलोमीटर वाहत जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते. मी मात्र जूनमध्ये इथं दोन तास थांबलो तो माझ्या गाडीच्या तेलाचा उगम शोधायला!

महिनाभर गाडीखाली काळे थेंब पडत होते, नेमके इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यापाशी. शहरातल्या एका गॅरेजवाल्यानं वाकून पाहिलं आणि निकाल दिला : मागचं ऑईल सील गेलं, गिअरबॉक्स उतरवायला हवा, अठरा हजार. सील स्वतः काही महाग नसतं. तिथवर हात पोचवण्याची मजुरी महाग. नेमकी त्याच आठवड्यात मुलाच्या कॉलेजची फी भरायची होती. आमच्या सौ.चं म्हणणं, आणखी कुणाला तरी दाखवल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

साखळीहून परतताना चोर्ला घाट चढलो आणि जळक्या तेलाचा वास यायला लागला. कणकुंबीत रस्त्याकडेला एक छोटं गॅरेज दिसलं, तिथं गाडी लावली. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. ‘‘एण्णी सोराकत्तैती, सर. पण कुठनं गळालंय ते आधी बघूया की ओ. खाली पडतंय म्हणून खालनंच गळतंय असं नसतंय.’’

पुढं जे पाहिलं, ते जुनी गाडी असलेल्या प्रत्येक घरानं जाणून घ्यावं असं आहे. तेल उतारानं खाली येतं, चालत्या गाडीत वाऱ्यानं मागं सरकतं, आणि जिथं कडा मिळेल तिथं थेंब होऊन पडतं. म्हणून सर्वांत खालचा ओला भाग नव्हे, सर्वांत वरचा ओला भाग शोधायचा. इंजिन तेलानं माखलेलं असेल तर तेही दिसत नाही. आधी आंघोळ! इंजिन पुरतं गार होईपर्यंत मिस्त्रींनी मला चहा पाजला. मग ब्रश आणि डिझेल घेऊन सगळा काळा थर काढला (पूर्वी रॉकेल वापरत, आता ते मिळतंय कुठं?) आणि फडक्यानं कोरडं केलं. खाली लाकडाचा भुसा पसरला होता. कारण विचारलं, तर म्हणाले, ‘‘पावसाचं पाणी इथनं ओढ्याला जातंय, ओढा नदीला.’’ मलप्रभेचं पाणी पिणाऱ्या गावांनी या माणसाचे आभार मानायला हवेत.

मग सांध्यांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरली, इंजिन पंधरा मिनिटं चालू ठेवलं आणि बंद करून बॅटरी नि दाढीच्या आरशानं मागची बाजू दाखवली. मागचा सांधा पांढराशुभ्र. वर मात्र टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात पावडर भिजून काळी रेघ उतरलेली! तिथलं तेल इंजिनच्या पाठीवरून घरंगळत त्या सांध्यापर्यंत जात होतं. एक रेघ सायलेन्सरच्या तापलेल्या मॅनिफोल्डकडे वळली होती. जळका वास तिथला. तिथं तेल साचलं तर गाडी पेट घेऊ शकते, तेव्हा असा वास आल्यास ‘घरी जाऊन बघू’ म्हणू नये.

कव्हरचं रबरी पॅकिंग उष्णतेनं कडक झालं होतं. मिस्त्रींनी ते बदललं, पण तेवढ्यावर सोडलं नाही. ब्रीदरची नळी काढून फुंकून पाहिली. ती गाळानं निम्मी तुंबलेली. आतला दाब बाहेर पडायला वाट नसली की तो नवं पॅकिंगही ढकलतो. ही नळी साफ करायचा खर्च शून्य, आणि नेमकी तीच विसरली जाते. पॅकिंग, मजुरी धरून नऊशे रुपये झाले.

जुन्या कास्ट आयर्न बुलेटवाले सांगायचे, तेल गळत नाही म्हणजे आत तेलच नाही! हा विनोद गाडीला लावू नका. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. तेल दोन खुणांच्या मध्ये असावं. धावताना ऑईलचा लाल दिवा लागला तर तिथंच इंजिन बंद करावं, पुढच्या गावापर्यंत रेटू नये. पावसाळ्यात अंगणातले डाग धुऊन जातात, म्हणून रात्री छपराखाली गाडीच्या पोटाशी वर्तमानपत्र पसरावं आणि चाकांच्या जागा पेनानं खुणावून ठेवाव्यात. (आमचं साप्ताहिकही चालेल, वाचून झाल्यावर.) काळा-तपकिरी डाग इंजिन ऑईलचा, हिरवा किंवा लाल आणि गोडसर वासाचा कूलंटचा, एसीचं पाणी असेल तर कागद नुसता भिजतो.

दुरुस्तीनंतर दोन-चार दिवस खाचांत राहिलेलं जुनं तेल ठिबकतं, त्यानं घाबरून पुन्हा गॅरेज गाठू नये. आमच्या कागदावर पाचव्या दिवशी एक थेंब होता, आठव्या दिवशी काही नव्हतं.