'निरक्षर आईबापाचा मुलगा अधिकारी' या बातमीच्या पुढे

स्पर्धा परीक्षेचा निकाल लागला की दोन-तीन दिवस वर्तमानपत्रांत एकाच साच्यातल्या बातम्या येतात. निरक्षर आईबापाचा मुलगा अधिकारी झाला, ऊसतोड मजुराच्या मुलीने नाव काढलं. सोबत पेढा भरवणाऱ्या आईचा आणि फेटा बांधलेल्या बापाचा फोटो. आपण त्या बातम्या अभिमानाने पुढे पाठवतो, आणि पाठवायलाच हव्यात. तिथवर पोचायला किती पिढ्या खर्ची पडल्या हे आपल्याला ठाऊक आहे. पण या बातमीत आईबापाची निरक्षरता मुलाच्या यशाला उठाव देण्यापुरती येते. त्या आईबापाला आता तरी वाचता यावं, असं ती बातमी कधी म्हणत नाही. आपण पहिल्या पिढीचे पदवीधरही सहसा म्हणत नाही.

घरातला एक शिकला म्हणजे घर शिकलं, असं आपण धरून चालतो. मला हे गृहीतकच चुकीचं वाटतं. जातीने अक्षर हिरावलं ते फक्त सहा वर्षांच्या पोरांकडून नाही. बाळंतिणीकडून, मजुराकडून, म्हाताऱ्याकडूनही हिरावलं. मग परत मिळवायची वेळ आली की फक्त पोरांनाच का मिळावं?

आपल्या घरांत वाचणारा बहुधा एकच असतो. तो हैदराबादेत, पुण्यात किंवा दिल्लीत शिकत असतो आणि गावाकडून त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कागदांचे फोटो येत राहतात. रेशनकार्डाची ई-केवायसी, बँकेचा मेसेज, डॉक्टरची चिठ्ठी, वीजबिल, कोर्टाची नोटीस. माझा पीएचडीचा अर्धा वेळ या फोटोंवर जातो, असं मी मित्रांना गमतीने सांगतो. हे काम प्रेमाचं आहे यात शंका नाही. पण समाजशास्त्र शिकल्यामुळे म्हणा, त्यात मला सत्तेचं एक जुनं नातंही दिसतं.

जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला १८८३ साली. कुलकर्णी आणि कचेरीतले कारकून अक्षरशून्य शेतकऱ्याला कागदाच्या जोरावर कसे नागवतात, हे त्यात तपशिलाने आलं आहे. कुलकर्ण्याची ताकद जमिनीपेक्षा दप्तरात होती. कागदावर काय आहे हे गावात एकालाच कळतं आणि बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघायचं, अशी ती रचना होती. आज आपण लुबाडत नाही, हे खरं. पण आईबाप मात्र अजूनही कुणाच्या तरी तोंडाकडेच बघतात, फक्त ते तोंड पोटच्या पोराचं असतं.

तो पोरगा फोन उचलत नाही तेव्हा काय होतं, हे माझ्या मावशीच्या उदाहरणावरून सांगतो. ती एका लघुकर्जाच्या गटात होती. दर आठवड्याला हप्ता, हातात एक कार्ड, कार्डावर वसुली करणाऱ्याची सही. मावशी हिशोबाला पक्की, तोंडी व्याज काढायची. मावसा वारले. पंधरावं झालं आणि मावशी पुन्हा हप्त्याला हजर, कारण गटातल्या बायकांवर बोजा नको. पाच महिने तिने हप्ते भरले. गटातल्या एका बाईने चाळिशी उलटल्यावर नातीच्या बालभारतीवरून वाचायला शिकून घेतलं होतं. एका बैठकीत ती सहज मावशीचं कार्ड चाळत बसली आणि 'विमा' या शब्दावर अडखळली. हा कुणाचा विमा, असं तिने वसुलीवाल्याला विचारलं. तेव्हा बाहेर आलं की कर्ज देतानाच नवराबायको दोघांच्या विम्याचे पैसे कापून घेतले होते आणि नवरा गेला तर उरलेलं कर्ज विम्यातून फिटणार होतं. पाच महिने हे कुणी सांगितलं नाही. पुढे कागदपत्रं दिल्यावर हप्ते थांबले. भरलेले मात्र परत आले नाहीत. मावशीचा मुलगा बारावी झालेला आहे, चाकणला कंपनीत आहे. सगळे कागद मात्र गावी, पत्र्याच्या पेटीत. घरात शिकलेला माणूस होता, पण त्या बैठकीत उपयोगी पडली ती समोर बसलेली वाचती बाई.

या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे, तिच्याबद्दल आपण क्वचित बोलतो. ज्याला वाचता येत नाही त्याचं सगळं आधी दुसरा वाचतो. सोनोग्राफीचा रिपोर्ट नवरा वाचतो, बँकेचा मेसेज मुलगा वाचतो, भावाने पाठवलेला निरोप सून वाचते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे. गर्भाशयाच्या आजाराची चिठ्ठी मुलाला दाखवायची लाज वाटते म्हणून दुखणं अंगावर काढणाऱ्या बाईसाठी त्या हक्काचा अर्थ काय? तिला आधी ती चिठ्ठी स्वतःच्या डोळ्यांनी वाचता आली पाहिजे. साठीतल्या माणसाला आता शिकून काय करायचंय, असं म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की दवाखान्याचे, पेन्शनचे आणि वारसाचे कागद त्याच वयात सर्वांत जास्त येतात.

कागद मागायला राज्यव्यवस्था कधीच कमी पडत नाही. महाराष्ट्रात जातीचा दाखला काढलेल्या प्रत्येकाला ही कसरत आठवत असेल. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचा पुरावा आणा. पुरावा म्हणजे बहुधा आजोबा-पणजोबांच्या शाळेची नोंद. ज्यांना शाळेच्या ओट्यावर चढू दिलं नाही, त्यांच्याच शाळेचा दाखला! परराज्यात पोट भरायला गेलेल्यांचे हाल तर विचारूच नका.

आणि हरियाणात तर निरक्षरतेला शिक्षाच झाली. २०१५ साली तिथल्या सरकारने पंचायत निवडणूक लढवण्यासाठी शिक्षणाची अट घातली. सर्वसाधारण उमेदवाराला दहावी, स्त्रिया आणि अनुसूचित जातींच्या उमेदवारांना आठवी, अनुसूचित जातीच्या स्त्रीला पंचपदासाठी पाचवी. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'राजबाला' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही अट वैध ठरवली. राजस्थानातही २०१४च्या अखेरीस अशीच अट आली होती, ती २०१९ मध्ये मागे घेतली गेली. आमदार-खासदार व्हायला मात्र शिक्षणाची अट कुठेच नाही. ज्या पिढीला शाळा दिली नाही तिला प्रौढपणी शिकवायचंही नाही, आणि मग तू शिकलेली नाहीस म्हणून सरपंचपदाच्या दारातून परत पाठवायचं. सवलत म्हणून ठेवलेल्या त्या आठवी-पाचवीच्या पायऱ्या बघा. कोण किती वंचित आहे हे सरकारला नेमकं माहीत होतं.

आकडे जुने आहेत, पण २०११ची जनगणनाच हाताशी आहे. सात वर्षांवरच्या लोकसंख्येत साक्षरता सुमारे ७३ टक्के. अनुसूचित जातींच्या स्त्रियांत ५६.५, आदिवासी स्त्रियांत ४९.४. हेही खरं तर घरातल्यांनी तोंडी सांगितलेलं उत्तर असतं, कुणी वाचून घेत नाही.

प्रौढ माणूस शिकू शकत नाही, असं म्हणायला मात्र जागा नाही. केरळमधला एर्नाकुलम जिल्हा १९९० साली देशातला पहिला संपूर्ण साक्षर जिल्हा ठरला. २०१८ मध्ये त्याच राज्यात कार्त्यायनी अम्मांनी वयाच्या ९६व्या वर्षी साक्षरता परीक्षेत शंभरपैकी ९८ गुण घेतले. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते आंध्रातलं नेल्लोर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे साक्षरतेचे वर्ग चालू होते. दारूच्या दुकानाविरुद्ध उभ्या राहिलेल्या गावच्या बाईची गोष्ट वाचनाच्या पुस्तकात होती. दुबगुंटा गावच्या कष्टकरी बायकांनी तो धडा नुसता वाचला नाही, गावातलं अरकाचं दुकान बंद पाडलं. ही लाट जिल्ह्याबाहेर गेली आणि १९९३ साली राज्याला अरकावर बंदी घालावी लागली. रात्रीच्या वर्गातून काय निघू शकतं हे सरकारांनी तेव्हा पाहिलं. त्यानंतर प्रौढ साक्षरतेबद्दलचा त्यांचा उत्साह का ओसरला असेल, याचा अंदाज ज्याने-त्याने करावा.

'साक्षर भारत' २००९ मध्ये सुरू झाली, २०१८ मध्ये बंद झाली. गावोगावच्या प्रेरकांना महिना दोन हजार रुपये मानधन होतं, तेही गेलं. आता २०२२ ते २०२७ या काळासाठी 'नवभारत साक्षरता कार्यक्रम' आहे, म्हणजेच 'उल्लास'. पाच वर्षांसाठी १०३७.९० कोटी रुपये आणि वर्षाला एक कोटी शिकणाऱ्यांचं लक्ष्य. भागाकार केला तर माणशी दोनशे रुपयांच्या आसपास येतात. शिकवायचं स्वयंसेवकांनी, विनामानधन. अक्षर हा हक्क असेल तर तो कुणाच्या फावल्या वेळावर सोडता येत नाही; सहा ते चौदा वयाला कायदा आहे, तसा पंधराच्या पुढच्यांनाही हवा. ही मागणी आपल्या संघटनांच्या जाहीरनाम्यांत आली पाहिजे. शिष्यवृत्तीसाठी आपण रस्त्यावर उतरतो, यासाठी कधी उतरलो?

आपल्या चळवळीला हे नवं नाही. मुलींची शाळा काढणाऱ्या सावित्रीबाई-जोतीरावांनी १८५५ साली शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळाही काढली होती. १९२४च्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या कामात वसतिगृहांबरोबर वाचनालयंही होती. फलटणच्या बेबीताई कांबळे चौथीपर्यंत शिकलेल्या. दुकानात पुड्या बांधायला आलेल्या रद्दीचे कागद त्या वाचत राहिल्या, घरच्यांपासून लपवून वर्षानुवर्षं लिहीत राहिल्या आणि त्यातून 'जिणं आमुचं' उभं राहिलं. शाळा सुटल्यानंतरची ती सगळी वर्षं हिशोबात धरली नाहीत तर बेबीताई आपल्याला 'चौथी पास' म्हणूनच दिसतील.

विहारं आणि समाजमंदिरं आज जवळपास प्रत्येक वस्तीत आहेत. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर सोडले तर बऱ्याच ठिकाणी कुलूप असतं. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत गावी जाणारे पदवीधर प्रत्येक वस्तीत चार-दोन तरी निघतील. एवढ्यावर वर्ग सुरू होतो. अननसापासून सुरुवात करू नका. पन्नाशीतल्या बाईला अननसाचं चित्र दाखवणं हा तिचा अपमान आहे. तिचं नाव, गावाचं नाव, पासबुकातले 'जमा' आणि 'नावे', गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख, गटाचं कार्ड, एसटीची पाटी यांपासून सुरू करा. वर्ग रात्री जेवणं उरकल्यावर घ्या, बायकांना त्याआधी वेळ नसतो. पुरुष लाजतात, त्यांना पहिले काही दिवस वेगळं बसवावं लागतं. चष्म्याची सोय आधी करा, कारण 'डोक्यात शिरत नाही' म्हणणाऱ्या अनेकांना अक्षर मुळात दिसतच नसतं. आणि सुटी संपवून परत निघाल की वर्ग वस्तीतल्या एखाद्या वाचत्या बाईच्या हाती देऊन जा.