पोटातला गोळा आणि रक्ताचा हिशेब

गेल्या महिन्यात आम्ही नागपूरच्या एका वस्तीत गेलो होतो. तीन वर्षांचे पोर आईच्या मांडीवर गळून पडले होते. ओठ पांढरेफटक, पोट फुगलेले. आजी म्हणाली, "नजर लागली, उद्या उतरवू." शिबिरात ऐकलेले आठवून आम्ही डाव्या बरगडीखाली हात लावला, तर टणक गोळा लागला. तसेच रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेले. रात्रीच रक्त चढवले, म्हणून पोर वाचले. आजार निघाला सिकलसेल.

तो गोळा म्हणजे वाढलेली पाणथरी. जुन्या, निकामी तांबड्या पेशी गाळणे आणि जंतूंशी लढणे हे तिचे काम. निरोगी माणसात ती सहसा हाताला लागत नाही. हिवताप, थॅलेसेमिया यांतही ती वाढते. सिकलसेलमध्ये गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन तिच्यात अडकतात. कधी काही तासांतच अंगातले पुष्कळ रक्त तिथे साचते. मूल पांढरे पडते, धाप लागते. अशा वेळी 'उद्या' म्हणायचे नसते.

विदर्भात हा आजार आदिवासी बांधवांत आहे, तसा आपल्या बौद्ध समाजातही आहे. तो स्पर्शाने होत नाही, करणीनेही नाही. आईबाप दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणी हिशेब तोच : रुपयात चार आणे शक्यता आजारी मुलाची, आठ आणे वाहकाची, चार आणे निरोगी मुलाची. म्हणजे निम्मा वाटा बापाचा. तरी त्या घरात बोल लागत होते ते एकट्या सुनेलाच!

बंधूभगिनींनो, पत्रिका पाहणे आपण सोडले. आता रक्ताचा अहवाल पाहायला शिकू या. वाहक हा आजारी नसतो, त्याने लाजू नये, लपवू नये. जोडीदार वाहक किंवा आजारी नसेल तर मुलाला हा आजार सहसा होत नाही. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. जवळच्या आरोग्य केंद्रात चौकशी करा. आजारी मुलाच्या लसी आणि गोळ्या चुकवू नका. ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

त्या आईला नर्सबाईंनी पाणथरी हलक्या हाताने चाचपायला शिकवले. आता ती रोज आंघोळ घालताना डाव्या बरगडीखाली बोटे फिरवते. आजीही शिकली आहे.