वायफायचा पासवर्ड म्हणजे गाळ्याची चावी



परवा काल्हेरला एका गाळ्यावर गेले होते. ऑनलाइन विक्रेत्यांचा माल पॅक करून पाठवायचं काम. दोन माणसांनी सुरू केलेला धंदा आज चौदा माणसांवर गेलाय. शेठनी हौसेने सगळं दाखवलं. रॅक, बारकोड स्कॅनर, लेबल प्रिंटर, आठ कॅमेरे. आणि बिलिंगच्या कॉम्प्युटरच्या वर, भिंतीला चिकटवलेला एक कागद. त्यावर स्केच पेनने मोठ्या अक्षरात वायफायचं नाव आणि पासवर्ड!

"मॅडम, येईल तो विचारतो. म्हणून लावूनच टाकला."

मी विचारलं, "मग गाळ्याची चावी पण दाराबाहेर खिळ्याला लटकवता का?"

ते हसले. मला काही हसता आलं नाही. कारण हीच चूक मी केलेली आहे, आणि तिची शिक्षा माझ्या दुकानातल्या एका पोराने भोगली.

झालं असं. एका सोमवारी सकाळी बिलिंगचा कॉम्प्युटर उघडला, तर बिलांचं फोल्डर लॉक. एकही फाइल उघडेना. वर पैसे मागणारी चिठ्ठी. दुकानातला पोरगा रिकाम्या वेळात वायफायवर गेम खेळायचा. मी दोन गिऱ्हाइकांसमोर त्याला बोलले, "तूच काहीतरी डाउनलोड केलंस." तो काही न बोलता निघून गेला. दुसऱ्या दिवशी आलाच नाही.

नंतर कॉम्प्युटरवाला आला. त्याने दाखवलं की मशीनमध्ये व्हायरसच नाही. फक्त शेअर केलेलं फोल्डर लॉक झालंय, म्हणजे हे नेटवरच्या दुसऱ्या मशीनने केलंय. फाइलींवरची वेळ रविवार दुपारची. त्या दिवशी पोरगा सुट्टीवर होता! दुकानात त्या वेळी एक गिऱ्हाईक लॅपटॉप घेऊन बसलं होतं, प्रिंट काढायला. त्याला पासवर्ड कोणी दिला? मीच.

म्हणून माझं मत आता पक्कं आहे. धंद्याच्या नेटवर फक्त धंद्याची डिव्हाइस. गिऱ्हाईक, डिलिव्हरीवाला, पाहुणा, स्टाफचे स्वतःचे फोन, आणि हो, मालकाच्या मुलाचा टॅब सुद्धा, सगळे वेगळ्या नेटवर. अँटीव्हायरस घ्याच, पण त्याच्या आधी हे करा.

"आपला धंदा छोटा, आपल्याकडे कोण बघतो?" हे मला प्रत्येक बॅचमध्ये ऐकायला मिळतं. २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधी काही मिनिटं धमकीचा मेल गेला, तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या वायफायवरून. त्याच वर्षी १३ सप्टेंबरच्या दिल्लीच्या स्फोटांवेळचा मेल चेंबूरच्या एका खासगी कंपनीच्या वायफायवरून गेला. दोन्हीकडच्या लोकांचा काही संबंध नव्हता, पण पोलीस आधी त्यांच्याच दारात आले. तुमच्या नेटवरून जे बाहेर जातं, ते तुमच्या नावावर जातं.

आणि आत काय होतं? आपल्या भिवंडीच्या गोदामांत येणारे कितीतरी कंटेनर न्हावा-शेव्यावरून येतात. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने मर्स्क कंपनीचं जगभरातलं काम ठप्प झालं आणि त्याच ग्रुपचं न्हावा-शेव्यातलं टर्मिनलही अडकलं. हा व्हायरस शिरला युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. नंतर एका मशीनवरून दुसऱ्यावर, नेटमधून पसरत गेला. कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. सगळ्या युजरची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरची एकच प्रत वाचली, घाना देशातल्या ऑफिसात. का? त्या वेळी तिथली लाइट गेली होती, म्हणून ते मशीन नेटवर नव्हतं! लाइट जाण्याचा असा फायदा आपल्याला दर वेळी होणार नाही.

आता करायचं काय? चार कामं सांगते.

पहिलं, वही करा. धंद्याचं प्रत्येक डिव्हाइस लिहा. कोणतं, कोणाच्या हातात, कधीपासून. मग राउटरचं पान उघडून जोडलेल्यांची यादी वहीशी जुळवून बघा. एक लक्षात ठेवा, अँड्रॉइड १० पासून पुढचे फोन स्वतःचा खरा मॅक नंबर लपवतात. वहीत नोंद करायची असेल तर धंद्याच्या फोनमध्ये, त्या वायफायच्या सेटिंगमध्ये, डिव्हाइसचा मॅक निवडा. पण नुसत्या मॅकच्या यादीवर राहू नका, तो नंबर खोटा लावता येतो. ती यादी म्हणजे हजेरी, कुलूप नाही.

दुसरं, गेस्ट नेटवर्क चालू करा. ही सोय बहुतेक राउटरमध्ये असते, पैसे लागत नाहीत. गेस्टला आतली मशीन दिसणार नाहीत, ही सेटिंग तपासा. कॅमेऱ्यांचा आणि राउटरचा कंपनीने दिलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला.

तिसरं, धंद्याच्या नेटचा पासवर्ड तोंडी सांगू नका, स्वतः टाका. आजच्या फोनमध्ये क्यूआर दाखवून तो पुढे देता येतो, म्हणजे एकाला सांगितला की सगळ्यांना सांगितला. माणूस काम सोडून गेला की पासवर्ड बदला. अर्धा तास जाईल, जाऊ द्या.

चौथं काम पंधरा-वीस फोन झाल्यावरचं. तेव्हा डिव्हाइस मॅनेजमेंट घ्या. नवीन किंवा रिसेट केलेल्या अँड्रॉइड फोनच्या पहिल्या स्क्रीनवर सहा वेळा टॅप करायचं, क्यूआर स्कॅन करायचा. वायफायची सेटिंग आपोआप आत जाते, कामगाराला पासवर्ड सांगावाच लागत नाही. फोन हरवला तर लांबूनच पुसता येतो. मात्र ही सेटिंग उतरायला आधी थोडं इंटरनेट लागतं, त्यासाठी गेस्ट नेट किंवा तुमचा हॉटस्पॉट वापरा. आणि वायफायचं नाव बदलायचं असेल तर नवीन सेटिंग सगळ्या फोनवर पोचल्याशिवाय जुनं बंद करू नका. नाहीतर फोन नेटवरून तुटतील आणि नवीन सेटिंग घ्यायलाही त्यांना वाट उरणार नाही. धंदा आणखी वाढला की प्रत्येक डिव्हाइसला वेगळं सर्टिफिकेट देता येतं. मग एकाला तोडायला बाकीच्यांना हात लावावा लागत नाही.

काल्हेरचे शेठ मला म्हणाले, "मॅडम, पोरं घरच्यासारखी आहेत. वेगळं नेट दिलं तर त्यांना वाटेल, विश्वास नाही." मला हे पटत नाही. सगळं एकाच नेटवर असलं की काही बिघडल्यावर संशय पहिल्यांदा त्या पोरांवरच जातो. नेट वेगळं असेल आणि वही नीट असेल, तर कोणी काय केलं नाही हे सुद्धा सांगता येतं.

आमचा पोरगा चौथ्या दिवशी परत आला. मी त्याच्या घरी गेले, त्याच्या आईसमोर माफी मागितली, तेव्हा आला. आज दुकानाचं बिलिंग तोच सांभाळतो. पण कॉम्प्युटरला हात लावण्याआधी अजून विचारतो, "ताई, बसू का?"

आज दुकान बंद करण्याआधी राउटरची यादी उघडा आणि त्यातली किती नावं ओळखता येतात ते मोजा.