लेकरांच्या भीतीवर साखरेच्या गोळ्या नकोत



फेब्रुवारी लागला की होमिओपॅथीच्या दवाखान्यांत दहावी-बारावीची मुलं दिसू लागतात. ‘पेपर हातात आला की सगळं विसरते’, ‘शाळेच्या वेळेलाच पोटात दुखतं’, ‘रात्र रात्र डोळा लागत नाही’ असं सांगत आई-वडील येतात आणि पांढऱ्या गोळ्यांची डबी घेऊन जातात. चार-चार गोळ्या, दिवसातून तीन वेळा. कॉफी बंद, कच्चा कांदा बंद. डबी कंपासपेटीत जाते आणि घराला हायसं वाटतं. औषध सुरू झालं, तेही साइड इफेक्ट नसलेलं.

आमचं म्हणणं आम्ही आधीच सांगून टाकतो. या गोळ्यांनी मुलांची भीती जात नाही. त्या घेण्यात मोलाचे महिने वाया जातात. आणि मूल एक धडा शिकतं, जो पुढे वर्षानुवर्षं त्याच्या आड येतो: माझा धीर माझ्याजवळ नाही, तो डबीत आहे.

आधी डबीत काय आहे ते पाहू. परीक्षेच्या भीतीसाठी हमखास दिलं जाणारं औषध म्हणजे अर्जेंटम नायट्रिकम, म्हणजेच सिल्व्हर नायट्रेट. मिठाच्या द्रावणात ते टाकलं की पांढरा अवक्षेप तयार होतो, हे समीकरण दहावीची मुलं पाठ करतात. डबीवर मात्र नावापुढे ‘३०’ असा आकडा असतो. मूळ द्रवाचा एक थेंब ९९ थेंब अल्कोहोलमध्ये किंवा पाण्यात मिसळून हलवायचा. त्यातला एक थेंब पुन्हा ९९ थेंबांत. असं तीस वेळा. मूळ पदार्थ किती उरला ते मांडायचं तर छेदात एकावर साठ शून्यं द्यावी लागतील. नववीच्या ‘द्रव्याचे मोजमाप’ या धड्यात अ‍ॅव्होगॅड्रो अंक आहे, ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. तो आकडा आणि हा छेद शेजारी ठेवून मुलालाच गणित करायला सांगा. बाराव्या पायरीच्या सुमारास मूळ पदार्थाचा शेवटचा रेणूही संपलेला असतो. पुढच्या अठरा पायऱ्या पाणी पाण्यात मिसळलं जातं. मग तो थेंब साखरेच्या गोळ्यांवर टाकतात आणि तो उडून जातो. उरते साखर.

बाराक्षारांतलं काली फॉस ६ एक्स, म्हणजे पोटॅशियम फॉस्फेट, ‘मेंदूचं टॉनिक’ म्हणून कित्येक घरांत असतं. त्यात पदार्थ आहे, पण दहा लाख भागांत एक. शंभर मिलिग्रॅमच्या गोळीत तो एका मिलिग्रॅमचा दहा हजारावा भाग भरतो. पोटॅशियम हवं असेल तर मुलाला केळं द्या.

ही पद्धत जर्मनीत सॅम्युएल हानेमान यांनी १७९६ मध्ये मांडली आणि १८१० मध्ये ‘ऑर्गनॉन’ या ग्रंथात तिची घडी बसवली. त्या काळात डॉक्टर रोग्याची शीर कापून रक्त काढत, जुलाब देत, पारा चारत. मनोरुग्णांना साखळदंडाने बांधत. हानेमान यांनी एका मनोरुग्णाला साखळदंडाशिवाय, मारहाणीशिवाय, मायेने सांभाळलं आणि तो सुधारला. या माणुसकीबद्दल त्यांच्याविषयी आम्हाला आदर आहे. त्या अघोरी उपचारांपुढे साखरेची गोळी घेणारा रोगी साहजिकच जास्त जगत होता. पण आज आपल्या मुलांसमोर पर्याय रक्त काढण्याचा नाही.

दोनशे वर्षांत या औषधांची परीक्षा झालेली आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने ६१ आजारांवरचे १७६ अभ्यास तपासून २०१५ मध्ये सांगितलं की होमिओपॅथी गुणकारी असल्याचा विश्वासार्ह पुरावा एकाही आजाराबाबत नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१७ मध्ये डॉक्टरांना ही औषधं लिहून देणं थांबवायला सांगितलं. ज्या फ्रान्समध्ये ती घरोघरी वापरली जात, तिथल्या सरकारने १ जानेवारी २०२१ पासून त्यांच्या खर्चाची भरपाई बंद केली. हे देश होमिओपॅथीचे वैरी नव्हते. फ्रान्स तर तिचं माहेरघरच.

‘पण आमच्या मुलीला फरक पडला!’ हे वाक्य आम्ही शेकडो वेळा ऐकतो आणि ते खोटं आहे असं म्हणत नाही. फरक पडला असेल. प्रश्न एवढाच आहे की तो कशाने पडला. अमेरिकेत ७ ते १७ वयाच्या ४८८ चिंताग्रस्त मुलांवर एक मोठा अभ्यास झाला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांचे चार गट केले. एकाला विचार आणि वागणूक बदलायला शिकवणारं समुपदेशन, म्हणजे सीबीटी. दुसऱ्याला सर्ट्रालीन हे औषध. तिसऱ्याला दोन्ही. चौथ्याला औषधासारखी दिसणारी, पण आत काहीच नसलेली गोळी. बारा आठवड्यांनी पाहिलं तर दोन्ही उपचार मिळालेल्या शंभरातली ८१ मुलं चांगली सुधारली होती, फक्त समुपदेशनाने ६०, फक्त औषधाने ५५. आणि रिकाम्या गोळीने? जवळजवळ २४.

हा चोविसाचा आकडा नीट पाहा. काहीही नसलेली गोळी घेऊन शंभरातली चोवीस मुलं सुधारतात, कारण भीती चढते तशी उतरतेही, कोणीतरी आपली विचारपूस करतंय याने धीर येतो, आई-वडील जरा सैल होतात, परीक्षा संपते. गल्लीतल्या डॉक्टरांची कीर्ती या चोवीस मुलांवर उभी आहे. उरलेल्या शहात्तर मुलांचं नाव कुणी घेत नाही. त्यांच्या घरात म्हणतात, ‘हिला कोणतंच औषध लागू पडत नाही.’ त्यांतली कितीतरी मुलं योग्य उपचारांनी सुधारली असती. आमचा सगळा राग या मुलांसाठी आहे.

तरीही होमिओपॅथीच्या दवाखान्यात एक खरी गोष्ट घडते आणि ती मान्य केली पाहिजे. तिथे मुलाला विचारतात. तुला अंधाराची भीती वाटते का, कोण ओरडलं की रडू येतं, स्वप्नं कसली पडतात, गोड आवडतं की तिखट, रागावलास तर बोलतोस की गप्प बसतोस. पहिल्या भेटीत पाऊण तास, तासभर. चौदा वर्षांच्या मुलाकडे इतका वेळ लक्ष देऊन याआधी कुणी बघितलेलं नसतं. घरी विचारतात ‘किती मार्क पडले’, शाळेत विचारतात ‘वही कुठाय’, सरकारी दवाखान्यात तर दोन मिनिटंही मिळत नाहीत. मुलाला जे बरं वाटतं ते या तासाने. तो तास फुकट आहे, तो घरात देता येतो, शाळेत देता येतो. त्याचं श्रेय गोळीला दिलं की पुढच्या वेळी आपण तास देत नाही, गोळी देतो.

आता त्या चुकीच्या धड्याविषयी, कारण ‘साखर तर साखर, अपाय तर नाही ना’ असं म्हणणारे सुशिक्षित पालकही खूप आहेत. भीतीचं खाद्य म्हणजे टाळाटाळ. मुलगी वर्गात उत्तर द्यायला घाबरते, म्हणून हात वर करत नाही. हात वर केला नाही की लगेच सुटल्यासारखं वाटतं. ते सुटल्यासारखं वाटणं मेंदू लक्षात ठेवतो आणि उद्याची भीती आणखी पक्की होते. यातून बाहेर पडायचा मुख्य रस्ता असा आहे: भीतीच्या जागी थोडं थोडं उभं राहायचं आणि काही बिघडत नाही हे स्वतः अनुभवायचं. कंपासपेटीतली डबी नेमकी हाच अनुभव हिरावून घेते. पेपर बरा गेला तर गोळीमुळे गेला. डबी घरी विसरली तर हात थरथरू लागतात. बी.कॉम.ला, नोकरीच्या मुलाखतीला, पहिल्या बाळंतपणाला पर्समध्ये डबी बाळगणाऱ्या बायका आमच्या ओळखीच्या आहेत. त्यांनी आयुष्यातले सगळे कठीण प्रसंग स्वतःच्या बळावर पार पाडले आणि त्यांना ते कधी कळलंच नाही.

लोक होमिओपॅथीकडे का जातात, याचं मोठं कारण औषधात नाहीच. ते आपल्या बोलण्यात आहे. महाराष्ट्रात कुणी जरा वेगळं वागलं की ‘याला येरवड्याला पाठवा’, ‘ठाण्याला जागा आहे का बघा’ असं मनोरुग्णालयांच्या गावांची नावं घेऊन आपण हसत म्हणतो. मग मुलीला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेताना आईच्या मनात पहिला विचार येतो तो पायऱ्या चढताना कोण बघेल, उद्या सोयरीक जमवताना कोण काय सांगेल. होमिओपॅथीच्या दवाखान्यात सर्दीवालेही बसतात, केस गळणारेही बसतात, कुणाला काही कळत नाही. हा आडोसा आईला हवा असतो. आम्ही तिला दोष देत नाही. पण आडोशाची किंमत मूल चुकवतं.

ती किंमत किती असू शकते? राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ वयातल्या शंभर मुलांमागे सातांहून अधिक मुलांना मानसिक आजार आढळला. एनसीईआरटीने २०२२ मध्ये पावणेचार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा ८१ टक्के मुलांनी चिंतेचं कारण म्हणून अभ्यास, परीक्षा आणि निकाल सांगितले. आणि त्याच वर्षी देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. राज्यांच्या यादीत पहिलं नाव महाराष्ट्राचं होतं. लातूर-नांदेडच्या वसतिगृहांत, पुण्याच्या क्लासच्या गल्ल्यांत, नीटची तयारी करणारी सोळा-सतरा वर्षांची मुलं घरापासून लांब एकेका खोलीत राहतात. त्यांच्यापैकी एखाद्याने ‘मला जगावंसं वाटत नाही’ म्हटलं आणि त्याच्या हातात इग्नेशिया या होमिओपॅथीच्या औषधाची पुडी पडली, तर ते औषध देणाऱ्याने आणि आणणाऱ्याने केलेलं घोर दुर्लक्ष आहे. याला आम्ही दुसरा शब्द वापरणार नाही.

मग करायचं काय? दरवेळी मेंदूवर चालणारी औषधंच घ्यावी लागतात, हा गैरसमज आधी काढा. बहुतेक मुलांना सुरुवातीला बोलून होणारा उपचार पुरतो. समुपदेशक मुलाबरोबर बसून भीतीची शिडी तयार करतो. सर्वात खाली सोपी पायरी: आरशासमोर उत्तर म्हणणं. मग बहिणीसमोर, मग दोन मैत्रिणींसमोर, मग वर्गात एक वाक्य. प्रत्येक पायरीवर भीती ओसरेपर्यंत थांबायचं. ‘नापास झाले तर संपलंच सगळं’ या विचाराची उलटतपासणी करायला शिकायचं. यात परकं काही नाही. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत कधीच पोहोचवली आहे. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेत १९९० पासून असं काम मराठीतून चालू आहे.

त्रास जास्त असेल तर मानसोपचारतज्ज्ञ औषध देतात. सर्ट्रालीन किंवा फ्लुऑक्सेटीन या झोपेच्या गोळ्या नव्हेत आणि त्यांचं व्यसन लागत नाही. त्यांचे दुष्परिणाम असतात आणि ते लपवून ठेवू नयेत. पहिल्या काही आठवड्यांत काही मुलांच्या मनात आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून तेव्हा मुलाकडे बारीक लक्ष ठेवावं लागतं आणि औषध अचानक बंद करायचं नसतं. ज्या औषधाने काही घडतं, त्याने नको ते घडण्याची शक्यताही असते. जे एमबीबीएस डॉक्टर पाच मिनिटांत अल्प्राझोलम लिहून मुलाला वाटेला लावतात, त्यांच्यावरही आमचा तितकाच आक्षेप आहे. ती गोळी खरोखर सवय लावते आणि मुलाच्या भीतीवर तो इलाज नाही.

होमिओपॅथीच्या डॉक्टरांना आमची विनंती आहे. साडेपाच वर्षांच्या शिक्षणात तुम्ही शरीरशास्त्र शिकलात, रोगनिदान शिकलात, आणि कित्येक गावांत तुम्हीच सर्वात जवळचे डॉक्टर आहात. मूल शाळेत जाणं टाळू लागलं असेल, जेवण-झोप उडाली असेल, मरणाची भाषा करत असेल, तर त्याच दिवशी त्याला जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात पाठवा. ‘आधी त्रास वाढेल, मग मुळापासून जाईल’ हे वाक्य अशा मुलाच्या आईला सांगू नका. ती त्याच्या भरवशावर थांबते.

आणि शाळांकडून आमची मागणी कायद्याची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी आदेश दिला की १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. खासगी क्लास आणि वसतिगृहंही यात आली. पुढच्या पालकसभेत उभं राहून मुख्याध्यापकांना विचारा: आपल्या शाळेत तो समुपदेशक कोण, तो कोणत्या दिवशी येतो, आणि मुलाला त्याच्याकडे जायला वर्गशिक्षकांची चिठ्ठी लागते का? लागत असेल तर ती अट काढायला लावा. क्लासची फी भरताना काउंटरवर हाच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी मागा.

टेली-मानस ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. मदतीचे क्रमांक वर्गांत आणि वसतिगृहांत ठळक अक्षरांत लावावेत, असंही न्यायालयाने सांगितलं आहे. तुमच्या शाळेत हा क्रमांक लावलेला नसेल तर उद्याच खडूने फळ्याच्या कोपऱ्यात लिहा, आणि परीक्षा संपेपर्यंत तो कुणी पुसणार नाही एवढं पाहा.