सहीचा फोटो

लंडनहून आलेल्या भाच्याने तिथल्या जुन्या बाजारात घेतलेला एक फोटो माझ्या हातात ठेवला. खाली शाईची सही : टेड विलिस. नातीने विचारले, "अज्जा, हा नट कुठला?" म्हटले, "नट नव्हे गं, लिहिणारा."

विलिस सहलेखक असलेल्या कथेवर १९५० साली 'द ब्लू लॅम्प' हा चित्रपट निघाला. त्यात डिक्सन हा साधा पोलीस गोळी लागून मरतो. १९५५ साली विलिसनी त्यालाच बीबीसीच्या मालिकेत जिवंत केले! ती १९७६ पर्यंत चालली. मजूर पक्षाचे विलिस लॉर्डांच्या सभागृहातही गेले. पण लोकांच्या ध्यानात राहिला तो डिक्सन झालेला नट, जॅक वॉर्नर.

मग मी आमचा जुना आल्बम काढला. गणेशोत्सवातली आमची नाटके गल्लीतले मास्तर लिहून द्यायचे. पानोपानी आमची रंगवलेली तोंडे. मास्तरांचा फोटो एकही नाही. सही मराठीत सहीच, कन्नडातही सहीच. ती मास्तरांकडे मागायला मात्र आम्हाला दोन्ही भाषांत सुचले नाही.

वाचकहो, तुमच्या घरी, गल्लीत कुणी लिहिणारे असेल, तर फोटो आजच काढा. सहीही घ्या.